श्वान-दंतकथा

रोज सकाळी सव्वासात वाजता मी आमच्या गॅलरीत पाट मांडून बसतो, बंड्याला दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतो, डाव्या अंगठ्याने त्याचा वरचा ओठ वर करतो आणि उजव्या हातातल्या ब्रशने त्याचे दात घासतो. बंड्या हा आमचा कुत्रा. हे आधीच सांगितलेलं बरं. मागे एका पाहुण्यांना मी नुसतंच "थांबा, बंड्याचे दात घासून येतो" म्हणालो, तर त्यांनी काळजीने हिला विचारलं, "केवढा आहे? स्वतःचे स्वतः घासता येत नाहीत का अजून?"

हा कार्यक्रम फार तर तीन मिनिटांचा. पण त्याला प्रेक्षक असतात. समोरच्या इमारतीतले एक काका चहाचा कप घेऊन कठड्याशी उभे राहतात. खालच्या मजल्यावरच्या काकू तुळशीला पाणी घालता घालता मान वर करतात. दूध टाकायला येणारा मुलगा तर एकदा मला म्हणाला, "काका, नंतर चूळ पण भरतो का तो?" हे सगळं मी आजवर हसून सोडून दिलं. पण गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याची टाकी आणि लिफ्ट आटोपून गाडी 'आयत्या वेळच्या विषयां'वर आली, तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, काही सभासदांच्या कुत्र्यांसाठी सोसायटीने कवळीची तरतूद करावी." सभा खो खो हसली. अध्यक्ष हसले. सेक्रेटरींनी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं की काय ते कळायला मार्ग नाही. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, हीसुद्धा हसली.

तेव्हा आता मला उत्तर देणं भाग आहे. सभेत ते सुचलं नाही. मला सभेतली उत्तरं नेहमी घरी येऊन चपला काढताना सुचतात.

विरोधी पक्षाचा पहिला मुद्दा म्हणजे लांडगा. "जंगलातला लांडगा कुठे ब्रश करतो?" हे समोरच्या काकांचं वाक्य, आणि ते म्हणून झालं की ते चहाचा असा घोट घेतात की खटला निकालात निघाला. अहो काका, लांडगा ब्रश करत नाही हे मला मान्य. पण तो चहात बुडवलेली ग्लुकोजची बिस्किटंही खात नाही, दूधपोळी खात नाही आणि दुपारी सोफ्यावर उताणा झोपत नाही. शिवाय लांडग्याचे दात उत्तम असतात हे सांगितलं कुणी? मेलेल्या लांडग्यांच्या कवट्या तपासणाऱ्यांना मोडलेले दात आणि हिरड्यांच्या रोगाने झिजलेली हाडं सापडलेली आहेत. फरक एवढाच की जंगलात बहुतेक लांडगे म्हातारपण गाठण्याआधीच संपतात आणि दात दुखतो म्हणून त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही. आपला कुत्रा आपल्या घरी बारा-चौदा वर्षं काढतो. त्याला वर्षं आपण वाढवून द्यायची आणि त्या वर्षांत चावायला लागणारे दात मात्र निसर्गाच्या भरवशावर सोडायचे, हा कुठला न्याय?

आणि निसर्गाचंच म्हणाल तर आपल्या आजोबांच्या दातांचं काय झालं? माझे आजोबा राखुंडीने दात घासायचे आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांची कवळी रात्री पेल्यात झोपायची. 'वय झालं की दात पडायचेच' असं तेव्हा सगळं घर म्हणायचं. तो वयाचा गुण नव्हता, हिरड्यांचा रोग होता, हे आपल्याला नंतर कळलं. आजोबांना निदान कवळी तरी मिळाली. कुत्र्याला तीही नाही. तेव्हा सभेतल्या त्या सभासदांचा विनोद मुळातच चुकलेला आहे. तरतूद कवळीची नाही, ब्रशची करायची असते.

दुसरा मुद्दा पौराणिक. तो खालच्या काकूंचा. "युधिष्ठिराबरोबर कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. त्याचे दात कोण घासत होतं?" या प्रश्नाने मी खरोखर दोन दिवस गप्प होतो. मग आठवलं, की तो कुत्रा कुत्रा नव्हताच. साक्षात धर्म होता. धर्माच्या दातांवर किटण चढत नसावं. पण त्या गोष्टीतला खरा मुद्दा वेगळाच आहे आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

तिसरा मुद्दा हाडाचा. "मटणवाल्याकडून एक नळी आणून टाका पुढ्यात. दात चकाचक!" या मताचे लोक मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांतले निम्मे स्वतः शाकाहारी असतात. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते. मांस कात्रीसारखं कापायची ती दाढ. टणक हाड चावताना नेमकी तीच फुटते. एखादी कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि मग मुळाशी पू धरतो. शिजवलेल्या हाडाची तऱ्हा आणखी वाईट. त्याच्या अणकुचीदार ढलप्या निघतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. आमच्या डॉक्टरांची कसोटी सोपी आहे: जी वस्तू नखाने दाबली तर जरासुद्धा दबत नाही, ती कुत्र्याला चघळायला द्यायची नाही. या कसोटीला नळी उतरत नाही. (ही कसोटी मी हिने केलेल्या दिवाळीच्या चकल्यांवर करून पाहिली आणि दोन दिवस घरात मौन पाळलं गेलं.)

आता थोडं शास्त्र. फार नाही, दोन परिच्छेद. सहन करा.

कुत्र्याला बेचाळीस दात. आपल्यापेक्षा दहा जास्त. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस, तेही चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे आलेले असतात. कुत्र्याची लाळ आपल्यासारखी नाही, ती जास्त अल्कधर्मी. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत. 'कुत्र्याचे दात कधी किडत नाहीत' ही समजूत इथूनच आली. पण त्याच लाळेमुळे किटण मात्र झपाट्याने बसतं. खाल्ल्यावर दातावर जंतूंचा एक बुळबुळीत थर धरतो. तो बोटानेही पुसला जातो. पण दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. पिवळा, मग तपकिरी. तो दगड ब्रशने निघत नाही. म्हणूनच 'आम्ही दर रविवारी घासतो की' म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, कीव येते. रविवारी ते दगड घासत असतात.

त्या किटणाच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात. आधी हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसते. इथपर्यंत सगळं परतवता येतं. पुढे हिरडी दातापासून सुटते, खालचं हाड झिजायला लागतं, आणि झिजलेलं हाड काही परत येत नाही. लहान जातींच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त, कारण तेवढ्याशा जबड्यात बेचाळीस दात म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड. खालचा जबडा झिजून झिजून इतका बारीक होतो की कधी कधी जरा जोर पडला तरी मोडतो. आणि हे सगळं म्हातारपणी होतं असंही नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत पुष्कळ कुत्र्यांच्या तोंडात त्याची सुरुवात झालेली असते.

हे सगळं मला कसं ठाऊक? वाचून नाही. हे मला टिप्याने शिकवलं, आणि त्याची फी त्यानेच भरली.

टिप्या आमचा आधीचा कुत्रा. पांढरा पामेरियन. कापसाचा गोळा, आणि आवाज मात्र पोलिसाचा. त्याला आम्ही दर पंधरा दिवसांनी शांपू लावून आंघोळ घालत होतो. केस विंचरत होतो. थंडीत स्वेटर होता, आणि तोही हिने स्वतः विणलेला. वाढदिवसाला केक होता. मात्र आठ वर्षांत एकदाही त्याचा ओठ वर करून आत पाहावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

आठव्या वर्षी त्याच्या तोंडाला वास यायला लागला. 'कुत्र्याच्या तोंडाला कुत्र्याचाच वास येणार, गुलाबाचा थोडाच येणार?' हे वाक्य माझं. त्यावर सगळे हसले होते. वास वाढला तशी टिप्याची सतरंजी हलायला लागली. आधी ती आमच्या खोलीतून हॉलमध्ये आली, मग हॉलमधून दाराजवळ, मग गॅलरीत. पाहुणे आले की गॅलरीचं दार बंद. तो मांडीवर चढायला आला की कुणीतरी म्हणायचं, "शी! टिप्या, जा बरं तिकडे." आणि तो जायचा. काही दिवसांनी त्याने यायचंच सोडलं. आम्ही म्हणालो, वय झालं, शांत झाला.

भाकरीचा पापुद्रा त्याचा जीव की प्राण. तो त्याने सोडला. आम्ही म्हणालो, नखरे. दूधपोळी खाताना मान एका बाजूला करायला लागला. आम्ही म्हणालो, किती गोड दिसतो! मग एक दिवस त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून हिने त्यावर हळद लावली. पांढऱ्या तोंडावर पिवळा टिळा लावून तो दोन दिवस गॅलरीत बसून होता, जेजुरीहून आल्यासारखा. त्याचं आम्हांला हसूच आलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ओठ वर केला. मला दात दिसलेच नाहीत. तपकिरी खडक दिसला आणि खडकाच्या कडेने रक्त. डोळ्याखालची सूज ही वरच्या त्या मोठ्या दाढेच्या मुळातला पू होता. रक्ताची तपासणी झाली, भूल दिली, एक्स-रे काढले. बेचाळिसातले अकरा दात काढावे लागले. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "हे किमान दोन वर्षांचं दुखणं आहे."

दोन वर्षं. वाचकहो, मला एकदा अक्कलदाढ आली होती. एक दाढ. मी तीन दिवस रजा घेतली. लवंगेच्या तेलासाठी रात्री साडेदहाला मुलाला औषधांच्या दुकानात पिटाळलं. हिच्या माहेरच्या माणसांना माझा ठणका ऐकू जावा इतपत कण्हलो. शेजारच्या काकू भेटायला येताना मऊ भात घेऊन आल्या. आणि त्याच घरात, त्याच गॅलरीत, एक प्राणी अकरा दात ठणकत असताना दोन वर्षं शेपूट हलवत बसला होता. त्याने एकदाही आवाज केला नाही. त्याची एकच तक्रार होती, तो वास. आणि ती तक्रार आमच्यापर्यंत पोचली तेव्हा आम्ही दार लावून घेतलं.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी टिप्याने माझी चप्पल पळवली. हे काम त्याने तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं. म्हणजे त्याला म्हातारपण आलंच नव्हतं. आम्ही आजाराला वय म्हणत होतो. पुढे तो आणखी तीन वर्षं जगला. सतरंजी परत आमच्या खोलीत आली. पण मांडीवर चढण्याआधी तो एक क्षण थांबून आमच्या तोंडाकडे पाहायचा. ती सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

म्हणून बंड्याचे दात मी घासतो. हसायचं त्यांनी हसावं.

आता 'कसं घासता हो?' हा प्रश्न चेष्टेनेच विचारला जातो, पण मी उत्तर गंभीरपणे देतो. पहिल्या दिवशी ब्रश घेऊन धावायचं नाही. कुत्रा पळेल, तुम्ही पडाल. पहिला आठवडा नुसता ओठ वर करायचा आणि शाबासकी द्यायची. दुसऱ्या आठवड्यात बोटावर पेस्ट देऊन चाटू द्यायची. मग बोटाला मऊ सुती फडकं गुंडाळून दातांवरून फिरवायचं, आणि मग ब्रश. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. जबडा उघडायची गरज नाही. बाहेरच्या बाजूने, जिथे दात हिरडीला भेटतो तिथे तिरका धरून घासायचं, वरच्या मागच्या दाढांपासून सुरुवात करून. आतली बाजू पुष्कळशी जीभ सांभाळते. एकेका बाजूला अर्धा मिनिट. रोज.

पेस्ट मात्र कुत्र्याचीच. आपली नाही. कुत्रा चूळ भरत नाही (दूधवाल्या मुलाला हे उत्तर), सगळं गिळतो. आपल्या पेस्टमधला फेस आणि फ्लोराइड त्याच्या पोटाला नको. त्यातून काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखरेऐवजी वापरायची वस्तू असते, ती आपल्याला गोड आणि कुत्र्याला विष. रक्तातली साखर एकदम उतरते, यकृतही जाऊ शकतं. मीठ, खायचा सोडा, राखुंडी हे घरगुती प्रयोगही स्वतःच्याच दातांवर करावेत.

कुत्र्याच्या पेस्टला कोंबडीची चव असते. ही घरात आली तेव्हा चातुर्मास चालू होता. हिने ट्यूब हातात न घेता लांबूनच वाचली. बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "बंड्या कुठे चातुर्मास पाळतो? पण ट्यूब गॅलरीतच राहील." तेव्हापासून आमच्या गॅलरीत ट्यूब राहते आणि कुत्रा घरात. पूर्वी उलटं होतं. मला हे बरं वाटतं.

एक इशारा आणखी. हल्ली 'भूल न देता दात साफ करून देतो' म्हणणारे निघाले आहेत. कुत्र्याला दाबून धरायचं आणि वरवरचा दगड खरवडायचा. दात पांढरे दिसतात, मालक खूष होतो. पण रोग असतो हिरडीच्या खाली, आणि तिथे जाग्या कुत्र्याला कुणी हात लावू शकत नाही. हे म्हणजे भिंतीत ओल असताना वरून चुना फासणं. एकदा दगड चढला की डॉक्टरांना दाखवा, भूल देऊन नीट साफ करून घ्या आणि मग ब्रश धरा. दुखऱ्या हिरडीवर ब्रश घासू नका. नाहीतर कुत्रा जन्मभर ब्रशचं वैर धरेल, आणि बरोबरच करेल.

आणि आता माझा उलट सवाल. आमच्या सोसायटीत रोज सकाळी अकरा माणसं मोटारी धुतात. एक गृहस्थ स्कूटरचा आरसा फडक्याने इतका घासतात की त्यात त्यांचं उरलेलं आयुष्य दिसावं. त्यांना कुणी हसत नाही. कुत्र्याला शांपू लावला तर कुणी हसत नाही, स्वेटर घातला तर फोटो काढतात. जे बाहेरून दिसतं ते धुतलं तर ती आवड, आणि जे ओठाखाली दुखतं ते धुतलं तर ते वेड?

आता युधिष्ठिर. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रा सोड आणि बस. युधिष्ठिर म्हणाला, सोडणार नाही. त्याने स्वर्गाचं दार सोडायची तयारी ठेवली. आम्ही हॉलमधला वास सोडवला नाही, कुत्राच दाराबाहेर ठेवला. काकू, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

हे उत्तर मी पुढच्या सभेत देणार होतो. तेवढ्यात परवा रात्री दाराची बेल वाजली. समोरचे काका उभे होते. चहाचा कप नव्हता. हातात साखळी आणि साखळीला त्यांच्या मुलीने बदली झाल्यावर ठेवून गेलेला लॅब्रेडॉर. काका इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "याच्या तोंडाला जरा वास येतोय हो. वय झालं असेल."

"किती वय?"

"सहा."

मी खाली बसलो, ओठ वर केला. काकांनी चष्मा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गेले चार महिने आम्ही याला जिन्याखाली बांधतोय."

लांडग्याचा मुद्दा तेव्हा काढता आला असता. मी काढला नाही. काकांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि टिप्याची सगळी गोष्ट सांगितली. गॅलरीचं दारसुद्धा सांगितलं.

तीन दात गेले, बाकीचे वाचले. हिरड्या भरल्यावर, बरोब्बर पाचव्या आठवड्यात, सकाळी सव्वासात वाजता समोरच्या गॅलरीत एक पाट मांडला गेला. काका खाली बसले, बोटाला फडकं गुंडाळलं आणि लॅब्रेडॉरचा ओठ वर केला. मी बंड्याला गुडघ्यांत घेऊन कठड्यातून पाहत होतो. खालच्या काकूही तुळशीपाशी थांबल्या होत्या. कुत्रा अगदी शांत बसला होता. तोंड वाकडं झालं होतं ते काकांचंच.